दोन वर्षांची जागा

३ जून, सोमवार

१. सकाळी राजीनामा दिला.
२. साहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि मलाच परत दिला. म्हणाले, नव्याचे नऊ दिवस.
३. संध्याकाळी घरी सांगितलं – कंपनी सोडते आहे, नर्सिंगला जाणार आहे.
४. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.
५. आईने विचारलं, तिथे कुणी काही बोललं का तुला?

कुणी काही बोललेलं नाही. माझं मी ठरवलं आहे. हे मात्र कुणाच्या पचनी पडत नाही.

४ जून

राजीनामा पुन्हा दिला. या वेळी ईमेलने. त्याची घडी घालता येत नाही.

५ जून, बुधवार

आत्याचा फोन. दोन दिवस लागले बातमी पोचायला, तिच्या मानाने उशीरच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, वगैरे. पोरं इंजिनियर व्हायला जिवाचा आटापिटा करतात आणि ही होऊन खाली उतरतेय, म्हणे. उतरतेय! जिना आहे का हा?

कारण इथे लिहून ठेवते, बाहेर कुणाला देणार नाही. चार वर्षं मी व्हेंटिलेटर दुरुस्त करते आहे. पॅनेल लावायचं, चाचणी घ्यायची, सही घ्यायची. मग पेशंटला आणतात आणि मला सांगतात – मॅडम, जरा बाहेर थांबा. दार बंद. मशीनचं काय झालं ते मला कळतं. माणसाचं काय झालं ते कधीच कळत नाही. मला दाराच्या आत थांबायचं आहे. एवढंच.

८ जून

तीन रस्ते दिसतात. साहेबांनी सुचवलेला – हॉस्पिटल मॅनेजमेंट, शनिवार-रविवार शिकायचं, कंपनीत वरची खुर्ची मिळणार. दुसरा – चार वर्षांची नर्सिंगची पदवी, मग काही वर्षं वॉर्डात, मग वरचं शिक्षण. पस्तिशी सहज उलटेल. तिसरा – आधीची पदवी असलेल्यांसाठी जलद अभ्यासक्रम. दोन वर्षं, आणि थेट अतिदक्षता विभागात प्रगत नर्स. व्हेंटिलेटरचं सेटिंग ठरवायचं, औषधाची मात्रा बदलायची, आणि तेही स्वतःच्या अधिकारात.

आखूडशिंगी, बहुदुधी. मला माहीत आहे. तरी अर्ज तिसऱ्यालाच केला. खुशाल हसा.

१४ जून, शुक्रवार

निवड झाली. आता आठवडाभर अतिदक्षता विभागात नुसतं बघायला जायचं, मग जागा पक्की करायची.

बाबांना 'प्रगत' हा शब्द फारच आवडला आहे. आत्याला फोनवर सांगत होते, "अगं, डॉक्टरच्या हाताखाली नाही, बरोबरीने. आणि दोनच वर्षं!" मग पुतण्याला सांगितलं. मग शेजारच्या काकांना. माझ्याशी अकरा दिवस अबोला, आणि जिन्यात भाषण.

१७ जून

विभागाच्या इन्चार्ज सिस्टर. आमची दुरुस्तीवाली मंडळी त्यांना मेन स्विच म्हणतात. मला बघून म्हणाल्या, आज काय बिघडलंय? काही नाही, म्हटलं, शिकायला आले आहे. "मग ती हत्यारं खाली ठेव." टूलबॅग खांद्याला होती. सवयीने आणली होती.

१८ जून

पाळी बदलताना पुढच्या नर्सना एकेका खाटेची माहिती देतात. सिस्टरनी मला सांगितलं, सात नंबरचं तू सांग. मी सांगितलं: "सात नंबर. तक्रार – धाप. तपासलं. सगळे आकडे मर्यादेत. चालू स्थितीत सोपवत आहे."

सात नंबरचे आजोबा जागे होते. मास्क बाजूला करून त्यांनी विचारलं, "वॉरंटी किती दिवसांची?"

सगळे हसले. मीही हसले. कान मात्र तापलेच.

२० जून, गुरुवार

आठ नंबर. बस चालवणारा माणूस, काल पोटाचं ऑपरेशन झालेलं. सिस्टर चहाला गेल्या, दुसरी नर्स समोरच्या खाटेपाशी. मी त्याच्याजवळ बसले होते. उशी सरकवा, म्हणाला. सरकवली. चादर काढा. काढली. पुन्हा उशी. मनात म्हटलं, भारी नखरे आहेत. मॉनिटर बघितला. नाडी किंचित वर, पण मर्यादेत. रक्तदाब, ऑक्सिजन – ठीक.

सिस्टर आल्या. त्याचा हात हातात घेतला आणि मागे न बघता म्हणाल्या, डॉक्टरना बोलाव. आत्ता.

पोटात रक्तस्राव होत होता. परत ऑपरेशनला नेला. वाचला.

नंतर मी विचारलं, काय दिसलं तुम्हाला?

"हात गार, घाम फुटलेला. आणि सकाळपासून माझी टिंगल करणारा माणूस नुसतं उशी-उशी करत होता."

"मला कसं कळणार होतं?"

"आज नाहीच कळणार. तुझा दोष नाही त्यात."

"दोन वर्षांत कळेल?"

सिस्टर हात धूत होत्या. सावकाश पुसले. मग म्हणाल्या, "हुशार आहेस. दोन वर्षांत परीक्षा नक्की पास होशील."

२१ जून

दिवसभर चिडचिड. कुणी घाबरवायला बघितलं की मी हट्टाने तेच करते. पण त्या बाई घाबरवत नव्हत्या. कौतुकच केलं की. तेच खुपतंय.

साहेबांचा फोन, खुर्ची अजून रिकामी आहे. भरून टाका, म्हटलं.

दोन वर्षांनी त्या खाटेपाशी मीच असेन. काय करायचं हे बाकीचे मलाच विचारतील. अधिकार माझा, आकडे सगळे मर्यादेत. आणि मी म्हणेन – उशी सरकवा.

बाबांनी संध्याकाळी विचारलं, पाटीवर नावापुढे नेमकं काय लिहायचं असतं? इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले.

२२ जून, शनिवार

कॉलेजला पाठवलं. नक्कल इथे ठेवते. बाबांना आज सांगेन.

"जलद अभ्यासक्रमातली मला मिळालेली जागा मी सोडत आहे. चार वर्षांच्या पदवीला, पहिल्या वर्षात प्रवेश हवा आहे. आधीच्या शिक्षणाची कोणतीही सूट नको. जागा आहे किंवा नाही, हे कृपया शुक्रवार, २८ जूनपर्यंत कळवावे."