इग्निशनच्या कुलपातलं तेल

५ मार्च, मंगळवार

गाडी आज पुन्हा अडली. किल्ली आत जाते, फिरत नाही. स्टिअरिंग हलवा, किल्ली जराशी बाहेर ओढा, परत ढकला — वीस मिनिटं हाच खेळ. कचेरीत उशीर. साहेबांनी माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघितलं.

सगळा राग जेवताना बाबांवर काढला. "तुम्ही किल्ली पिळता. हात थरथरतात, अंदाज येत नाही तुम्हाला. कुलूप त्यानेच गेलं." बायको समोर, लेक समोर, आणि शिडी मागायला आलेल्या शेजारच्या काकू दारात. वर हात पुढे केला — "तुमच्याकडची किल्ली द्या." वडिलांपुढे असा हात!

बाबांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि जेवू लागले. चाळीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केलेला माणूस, आणि हाताचा अंदाज त्यांना मी शिकवतोय. पण आज तरी माझंच बरोबर आहे.

७ मार्च, गुरुवार

गुरुवार म्हणजे बाबांचा गाडी घेऊन आत्याकडे जायचा दिवस. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला असते, अंथरुणाला खिळलेली. मी रखडत का होईना, गाडी घेऊन कामावर गेलो. बाबा घरीच बसले. म्हणे गुडघा दुखतोय.

दुपारी आत्याचा फोन. "दादा आला नाही रे? बरा आहे ना?" मी म्हणालो, गाडी बिघडलीय. किल्ली काढून घेतली हे कुठल्या तोंडाने सांगणार?

बायको एवढंच म्हणाली, "तू त्यांना आत्याकडे सोडलं असतंस तर काय झालं असतं?" काही झालं नसतं.

८ मार्च, शुक्रवार

गॅरेजवाल्याला पुढचे आठ दिवस वेळ नाही. नवं कुलूप मात्र दुकानात मिळालं, दोन किल्ल्यांसकट. रविवारी घरीच बसवतो. बायको म्हणाली, "इस्त्री दुरुस्त केली होतीस ना, ती आता दाराला टेकण म्हणून छान चालते." दुर्लक्ष केलं.

१० मार्च, रविवार

बॅटरीची काळी वायर सोडवली. स्टिअरिंगखालचे तीन स्क्रू काढले, प्लास्टिकचं झाकण उतरवलं. त्याची एक खिट्टी मोडली, कोणाला सांगितलं नाही. मग कळलं की किल्ली एक घर फिरवल्याशिवाय जुनं कुलूप बाहेरच येत नाही. आणि ती फिरत नाही म्हणून तर हा सगळा उपद्व्याप! अर्धा तास झटापट केली. घामाघूम झालो.

बाबा पायरीवर पेपर वाचत होते. शेवटी उठून आले. "पिळू नकोस. किल्ली सैल धर, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कुलपावर हळूहळू ठोक." चौथ्या ठोक्याला फिरली. "आता खालच्या भोकात तार घालून दाब. ओढ." कुलूप अलगद हातात आलं. ते आत गेले. मी आभारही मानले नाहीत.

नवं कुलूप बसलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लेकीने टाळ्या वाजवल्या.

मग जुनं कुलूप खोलून बसलो. खरं लिहायचं तर पुरावा हवा होता. वाकलेलं, तुटलेलं काहीतरी बाबांना दाखवायचं होतं. आतल्या पितळी पट्ट्या धड होत्या. एकही वाकलेली नाही, झिजलेली नाही. सगळ्या फक्त काळ्या चिकट गाळात रुतलेल्या. नाकाशी नेलं. शिवणयंत्राच्या तेलाचा वास.

डिसेंबरात किल्ली जरा जड जात होती, तेव्हा बायकोच्या शिवणयंत्राच्या तेलाची बुधली मीच आत रिकामी केली होती. बाबा शेजारीच उभे होते. म्हणाले होते, "कुलपात तेल घालू नये, धूळ धरतं. किल्लीवर शिसपेन्सिल घास, पुरे." आणि मी — "बाबा, हा टाइपरायटर नाहीये."

कुलूप कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपलं. सेहेचाळीस वर्षांचा घोडा, आणि नापासाचं प्रगतिपुस्तक लपवावं तसं लपवलं.

११ मार्च, सोमवार

सांगितलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

शिडी परत द्यायला काकू आल्या. बाबांना विचारलं, "मग आता गाडी बंदच का तुमची?"

"बंदच. मुलगा म्हणतो, हात थरथरतात."

साध्या आवाजात बोलले, जणू वीज गेलीय असं सांगावं. मी दाराआड होतो. बाहेर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती, पाय हलला नाही. स्वतःची किळस आली.

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली नाही. "मला कशाला सांगतोस? बाबा बाहेर बसलेत."

१३ मार्च, बुधवार

सांगितलं. ज्या टेबलावर किल्ली घेतली त्याच टेबलावर, सगळ्यांसमोर. "कुलूप तुम्ही नाही बिघडवलं. मी तेल ओतलं होतं. तुम्ही नको म्हणाला होतात. चुकलो बाबा." नवी किल्ली त्यांच्या ताटाशी ठेवली. लेक माझ्याकडे टक लावून बघत होती.

बाबा म्हणाले, "माहीत आहे रे. काढलंस तेव्हाच वास आला."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी एका बोटाने किल्ली माझ्याकडे सरकवली. "उद्या आत्याकडे तू ने मला. जाताना बोलू. जेव आता."

म्हणजे माफी नाही. नसूच दे. मी याच लायकीचा आहे.

१४ मार्च, गुरुवार

रजा घेतली, बाबांना आत्याकडे नेलं. वाटेत म्हणाले, "डावा डोळा गेलाय माझा. वर्ष झालं. मागच्या महिन्यात तुझ्या पोरीला शाळेतून आणताना सायकलवरची बाई दिसलीच नाही. थोडक्यात वाचली. तेव्हापासून गाडी सोडायची होती, पण डोळ्याचं सांगायची लाज वाटत होती. तू किल्ली मागितलीस, सुटलो."

वर्षभर मी जेवायला त्यांच्या डाव्या हाताला बसतोय.