हिरव्या झग्याचं मत

रेड मिल्स, न्यू जर्सी
सोमवार, ९ नोव्हेंबर १८०७

चि. लेमुएल यास अनेक आशीर्वाद.

मी केझाया. तुझ्या बापाची आई. गिरणीशेजारी राहते, लहानपणी तुझं नाक पुसत असे. आमदार होऊन ट्रेंटनला गेलास आणि घरी एक ओळ नाही, तेव्हा म्हटलं आधी ओळख द्यावी. लिहिते आहे तुझी बहीण हिटी. ‘सांगते तसंच लिही, तुझं शहाणपण घालू नकोस,’ असं तिला बजावलं आहे.

इकडे सर्व क्षेम. सफरचंदं दाबून झाली, सायडरची दारू पिंपांत भरली. तपकिरी गाय पुन्हा कुंपण मोडून पाद्रीबाबांच्या कोबीत शिरली. त्यांनी रविवारी चोरीवर प्रवचन दिलं आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होते.

पिंपं सायरसनं केली. परवा तो झाकणं बसवायला आला तेव्हा टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. म्हणाला, “केझायाबाई, ट्रेंटनचा गाडीवान सांगत होता, नवा कायदा येतोय. यापुढे मत फक्त गोऱ्या पुरुषांना. माझं गेलं, तुमचंही गेलं. आणि कायद्याच्या बाजूनं पहिलं भाषण आपल्या लेमुएलचं.”

मी म्हटलं, “गाडीवानाला तुझ्या पिंपातली चढली असेल.”

सायरस हसला नाही. तो हसला नाही की मला धास्ती वाटते. गुलामीतून सुटल्यावर त्यानं घर बांधलं, जमीन केली, आणि मतदानाच्या दिवशी तो कोट झटकून सगळ्यांच्या आधी जातो, हे तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तुझ्यासाठीही गेला होता. स्वतःच्या नावे मालमत्ता म्हणून मत असलेल्या आम्ही विधवाही गेलो होतो, एका गाडीत सातजणी, चिखलातून.

गाडीवानानं कारणही सांगितलं. म्हणे बायका मतदानात लबाडी करतात. फेब्रुवारीत एकेक बाई दोनदोनदा मत टाकून गेली.

तर फेब्रुवारीचं बोलू.

कोर्टाची इमारत आपल्या गावात की नदीपलीकडे, याचं ते मतदान. मतपेटी खानावळीत ठेवलेली, तिथं ही गर्दी. विधवांच्या रांगेत माझ्यापुढे एक उंच बाई होती, टोपडं हनुवटीपर्यंत ओढलेलं. पेटीवरच्या थॉर्नबाबांनी विचारलं, “बाई, नाव?”

“विधवा मर्सी टॅल्बट,” ती बारीक आवाजात म्हणाली.

मर्सीला पुरलं तेव्हा मी तिथं होते. पण थॉर्नबाबांना कमी दिसतं. ते म्हणाले, “तब्येत कशी आहे, मर्सीबाई?”

“गुडघे धरलेत हो.”

लोक हसले. बाईनं चिठ्ठी पेटीत टाकली आणि झगा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलून, ओढा ओलांडावा तशी पायऱ्या उतरून गेली. जन्मभर झगा घातलेली बाई असा उचलत नाही रे. खाली आपल्या गिरणीच्या पिठानं पांढरे झालेले बूट होते. झगा हिरवा होता, काठाला माझ्या निळ्या ॲप्रनचं ठिगळ. तो माझ्या कपड्यांच्या पेटीतून कुठं गेला म्हणून आठवडाभर मी हिटीला बोलत होते.

हिटीनं इथं लेखणी खाली ठेवली. म्हणते, “आजी, तो दादा होता?”

“मी नाव घेतलं का? लिही.”

“आणि झगा उंदरांना खाऊ घातलास म्हणून मला बोललीस ते?”

“उगाच बोलले. हेही लिही.”

तेव्हा मी गप्प राहिले, कारण बाहेर नदीपलीकडची माणसं सोटे घेऊन उभी होती. त्यांनी तुला टोपड्यासकट नदीत घातलं असतं. वाटलं, पोरगं आहे, गावासाठी केलं, शरमेनं पुन्हा करणार नाही. ती लबाडी तू माझ्याच माथी मारशील असं वाटलं नव्हतं.

हिटी वसंतात एकवीस वर्षांची होईल. फळबाग तिच्या नावे करते आहे. लग्न झालं की बाग नवऱ्याची, मग मत नाही. त्याआधी एकदा तरी तिनं मत टाकावं, एवढंच मनात होतं. हे लिहिताना ती मान वर करत नाही.

पुढच्या सोमवारी सभागृहात या कायद्यावर हात वर होतील असं कळलं. सायरसनं गाडी जोडायचं कबूल केलं आहे. शनिवारी निघू. झगा गिरणीच्या माळ्यावर पोत्यांमागे सापडला. धुतला, उसवलेली शिवण घातली, मला अजून बसतो. तू बायकांच्या लबाडीवर बोलायला उभा राहिलास की मीही लोकांच्या बाकावरून उभी राहीन. बोलणार काही नाही. फक्त झगा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलीन. तुझ्या सोबत्यांना कळलं नाही तरी तुला कळेल.

पण माझे गुडघे खरेच दुखतात, लेमुएल. मला यायला लावू नकोस.

खालची फुली माझी. मीच काढली, हिटीनं हात धरला नाही.

तुझी, अजून तुझीच,
आजी
✗

ता. क. मत आमच्या बाजूनं टाकायचं ठरलं तर शुक्रवारच्या गाडीवानाबरोबर शिंपल्यातली कालवं पाठव. ती आली की झगा परत कपड्यांच्या पेटीत जाईल. अर्धं पिंप नको, पूर्ण भरून पाठव. सायरस जेवायला असेल.