अडुसष्ट गुण

१० फेब्रुवारी, सोमवार

शिवादादाला नापास केलं. दोन गुणांनी. सत्तर लागतात, मी अडुसष्ट दिले.

खारघरचं केंद्र. तिथं सौर पॅनेल बसवायला शिकवतात. केंद्राला मान्यता द्यायची का, आणि शिकवणाऱ्यांना प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र द्यायचं का, हे बघायला ऑफिसने मला धाडलेलं. दोन उमेदवार होते. पहिला केतन — डिप्लोमा, कडक इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉपवर रंगीत स्लाइड्स. दुसऱ्याचं नाव पुकारलं आणि आत आला तो आमच्या ओवे गावचा शिवा! आमच्या घरापासून तिसरं घर. माझ्या दहावीच्या वर्षी आमच्या ओटीवर ट्यूबलाइट लागली, ती यानंच लावलेली. तेव्हापासून वायरी ओढतोय, अजून ओढतोच आहे.

परीक्षेत मला 'मॅडम' म्हणाला. संपल्यावर जिन्यात गाठलं आणि हळूच, "आशे, वलखलं नाय काय गो?" बाजूला केंद्राची चार माणसं उभी होती. मी फोनमध्ये बघत खाली उतरले.

११ फेब्रुवारी

काल अर्धंच लिहिलं. उरलेलंही लिहून टाकते, नाहीतर ते आत कुजत राहील.

परीक्षेत वीस मिनिटं खऱ्या वर्गाला शिकवून दाखवायचं असतं. केतनने पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. एक चूक नाही. शिवादादाने सगळ्या वर्गाला गच्चीवर नेलं. म्हणाला, "खाली बटन बंद केला म्हंजे वायर मेली असा समजू नका. सूर्य हाय तवर पॅनेल करंट देनार. सूर्याला बटन नाय." मग ताडपत्री उलगडली आणि पॅनेलवर टाकली. "पयली ही. मंग हात." निम्मी मुलं आसपासच्या गावांतली, सगळी माना डोलावत होती. रेवा नावाच्या एका मुलीने विचारलं, ढग आले तर? तो म्हणाला, "ढगाच्या मागं पन सूर्यच हाय ना, बाय?"

इतकं सुंदर कोणी शिकवलेलं मी बारा वर्षांत बघितलेलं नाही. आणि 'भाषा व सादरीकरण' या रकान्यात मी त्याला दहापैकी तीन दिले. केतनला नऊ.

का? तेही लिहिते. माझ्या फॉर्मवर एक प्रश्न असतो — उमेदवाराशी ओळख वा नाते आहे का? असेल तर दुसरा परीक्षक येतो, एवढंच. मी 'नाही' लिहिलं. 'हो' लिहिलं असतं तर ऑफिसात कळलं असतं, ही बाई ओव्याची. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात तोंडातून 'आमी' गेलं आणि अख्खा बाक खिदळला. तेव्हापासून जीभ घासून-पुसून ठेवलीय. चोवीस वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही — आणि हा जिन्यात 'आशे' म्हणतो!

खोटं लिहिलं, मग भीती आली. उद्या कोणी म्हणालं, गावच्या माणसाला पास केलं, तर? म्हणून मुद्दाम हात आखडला. दुसऱ्या कुणाला तीन दिले नसते.

१४ फेब्रुवारी

अहवाल दिला. केंद्राला मान्यता, केतनला प्रमाणपत्र. शिवादादासाठी शेरा — 'एका वर्गात मदतनीस म्हणून बसावे व तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा.' म्हणजे आता तो केतनच्या वर्गात बसणार. केतन त्याच्या मुलाच्या वयाचा आहे.

सत्यजीत सर, आमचे साहेब, म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट एकदम क्लीन."

२ मार्च, रविवार

ओव्याला हळदीचं बोलावणं होतं. शिवादादा भेटला असता. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. दुखत नव्हतं.

९ एप्रिल, बुधवार

खारघरच्या केंद्रात अपघात. दोघं भाजले. नावं कळली नाहीत.

१० एप्रिल

नावं कळली. रेवा — तिला थोडंसंच भाजलं. आणि शिवादादा.

केंद्रातल्या एकाने फोनवर सगळं सांगितलं. गच्चीवरची वायर उंदरांनी कुरतडलेली. ती बदलणं हाच कालचा धडा. केतन खाली जाऊन बटण बंद करून आला आणि रेवाला म्हणाला, "लाइन ऑफ आहे, काप." भर दुपारी बारा वाजता! शिवादादा मागून म्हणाला, "आदी ताडपत्री टाका." केतनने उत्तर दिलं, "काका, तुम्ही मदतनीस आहात ना?" वर्ग हसला म्हणे. रेवाने दोन्ही वायरी एकदम पकडीत धरून दाबल्या. जाळ निघाला. पोरगी जागीच थिजली. शिवादादाने तिला ढकललं आणि ते जळतं भेंडोळं हाताने ओढून बाजूला फेकलं. उजवा हात.

केतनच्या प्रमाणपत्रावर सही माझी. शिवादादा त्या गच्चीवर मदतनीस होता तो माझ्याच शेऱ्याने.

आज जेवले नाही. नवऱ्याला, कुमारला, सांगितलं, ॲसिडिटी.

१३ एप्रिल, रविवार

हॉस्पिटलात गेले. शिवादादाची बायको, रंभावहिनी, दारातच होत्या. "बरा केलास आलीस," एवढंच म्हणाल्या आणि बसायला स्टूल दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन बोटं काढावी लागली. उरलेल्या तीन बोटांचं अजून डॉक्टर सांगत नाहीत.

मी विचारलं, "फार दुखतंय का?" माझंच वाक्य मला परक्या बाईचं वाटलं. तो म्हणाला, "ती पोर कशी हाय?" बरी आहे म्हटलं. मग म्हणाला, "केतनला शिव्या देऊ नका कोनी. त्याला कोनी गच्चीवर नेलाच नाय कदी." केतनलाही गच्चीवर न्यायला हवं होतं. स्लाइड्स बघून मीच नऊ दिले होते.

निघताना म्हणाला, "मे महिन्यात परत अर्ज करनार हाय मी. हात असा असला तं चालंल ना गो?"

चालत नाही. प्रात्यक्षिक दोन्ही हातांनी, वेळ लावून असतं. बघते म्हणाले आणि लिफ्टपाशी येऊन रडले.

१६ एप्रिल

नियमपुस्तिका काढली. भाषेचे दहा गुण कशासाठी, ते तिथं स्पष्ट छापलंय — 'शिकणाऱ्यांना समजेल अशा भाषेत शिकवले का?' शुद्ध-अशुद्ध कुठेच नाही. नवीन परीक्षकांना हे पान मीच शिकवते.

त्याचे दहापैकी दहा होते. पंचाहत्तर झाले असते. त्या दुपारी वर्गापुढे तो उभा असता, ताडपत्री घेऊन.

१८ एप्रिल

चौकशी आटोपली. केतनला काढलं. केंद्राने ताडपत्री सक्तीची केली — वरातीमागून घोडं. सत्यजीत सर म्हणाले, "तुमचे पेपर्स चोख आहेत, मॅडम. तुम्ही यात कुठेच नाही."

मी पत्र लिहून ठेवलंय. उमेदवार माझ्या ओळखीचा होता, मी ते लपवलं, त्याचे गुण चुकीचे कापले, ते दुरुस्त करावेत. नवी परीक्षा त्या हाताने तो देऊ शकणार नाही. जुने गुण सुधारले तरच तो प्रशिक्षक होईल. आणि पत्र गेलं की मी परीक्षक राहणार नाही.

कुमारला वाचायला दिलं. चष्मा काढून म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला? तुझ्याशिवाय हे कोणाला माहीत आहे?"

खरंच. कोणाला माहीत आहे? पत्र ड्राफ्टमध्ये ठेवलं.

२० एप्रिल

तसंच आहे.

२१ एप्रिल, सोमवार

पत्रावर फाइल क्रमांक हवा, या निमित्ताने ऑफिसातून शिवादादाची फाइल काढून घेतली. तेवढाच एक दिवस पुढे ढकलला.

उमेदवाराचाही एक फॉर्म असतो. परीक्षा झाल्यावर, बाहेर पडताना भरून देतात. म्हणजे जिन्यात मी तोंड फिरवलं, त्यानंतर. त्यावरही तोच प्रश्न — परीक्षकांशी ओळख आहे का? शिवादादाच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात उत्तर:

'होय. आमच्या गावची आशा. बहीन मानतो. पन ती माझ्यासाठी खोटं करनार नाय.'

त्याखाली ऑफिसचा शिक्का, 'तपासले'. आणि त्याच्याच मागे माझा फॉर्म टाचलेला.

पत्रात एक ओळ वाढवली — उमेदवाराने खरे लिहिले होते — आणि पाठवून दिलं.