उजेडाची चौकशी

प्रिय शेंडेफळ,

हे वाचून नाक मुरडशील. मुरड खुशाल. तुझ्याआधी जन्माला आले एवढाच माझा पराक्रम, पण त्याच्या जोरावर तुला शेंडेफळ म्हणण्याचा हक्क मी काही सोडणार नाही. आत्ता दुपार आहे आणि मी कामाच्या खोलीत बसून लिहितेय. खिडकीला पडदा नाही, कारण त्याचं कापड मला आवडलं आणि मी तो कापून लँपशेड्सना लावला. वर तारेला टांगलेल्या शेड्स वाऱ्यावर हळूहळू फिरताहेत. पिवळी समोर येते, मग निळी, मग पुन्हा पिवळी. त्यांच्याकडे बघत राहिलं की आपण जागे आहोत की पेंगतोय, हेच कळेनासं होतं. बाबा शेजारच्या खुर्चीत आहेत, डोळे मिटून. झोपलेत असं म्हणायची सोय नाही. म्हटलं की लगेच सांगतात, मी जागा आहे.

तुला इथलं काहीच ठाऊक नसणार. रस्त्यावरचं दुकान आम्ही सोडलं, जुनं घरही सोडलं. आता आपलं दुकान फोनमध्ये आहे. एक मोठा ऑनलाइन बाजार आहे, त्यात कोपऱ्यात कुठेतरी आपण. फोटो काढायचा, माप लिहायचं, गिऱ्हाइकाने पैसे बाजाराकडे भरायचे आणि बाजाराने आपला वाटा कापून घेऊन उरलेले आम्हाला द्यायचे. घरखर्च, बाबांची औषधं, सगळं त्यावरच चालतं. गिऱ्हाइकाशी बोलणंही बाजाराच्याच चॅटमध्ये, आणि तिथे एक यंत्र पहाऱ्याला बसलेलं असतं. गिऱ्हाईक आणि विक्रेता परस्पर पैसे देऊन घेऊन मोकळे होतील आणि आपला वाटा बुडेल, ही त्याची कायमची धास्ती. त्यामुळे रोख, उधार, खातं, नंबर, पत्ता, यातला एक शब्द दिसला की निरोप अडवतं. मी एका बाईंना भाबडेपणाने लिहिलं होतं की उजेडाचा रोख बरोबर पुस्तकावर राहील. अडला. उजेडाचं तोंड पुस्तकाकडे असं लिहिलं तेव्हा कुठे गेला. बाबांना हे सांगितलं तर जेवताना आठवून आठवून हसत होते.

शब्द अडला तर हसण्यावारी नेता येतं. पण व्यवहार बाहेर नेण्याचा बेत दिसला की ताकीद मिळते, आणि तिसऱ्या ताकिदीला दुकान बंद, कायमचं. तिथे विनवण्या करायला समोर माणूसच नसतो. आपल्याला दोन मिळून चुकल्या आहेत. पहिली मिळाली एका आजोबांपायी. त्यांची शेड वाटेत चेपली, मला वाईट वाटलं, मी लिहिलं की तुमचा नंबर कळवा, पैसे मी थेट तुम्हाला परत करते. चांगुलपणा अंगाशी आला तो असा. दुसरीची गोष्ट सांगायलाच बसलेय, पण ती एका गिऱ्हाइकाची गोष्ट आहे, तेव्हा जरा दम धर.

बाजारात खरी नावं दिसत नाहीत, ज्याने त्याने घेतलेलं टोपणनाव दिसतं. हिचं होतं सुईदोरा. एका साध्या, गोल, सुती शेडची चौकशी करत आली. आधी विचारलं कापड कुठलं. मग विचारलं शिवण मशीनची की हातची. हातची, म्हटलं. शिवतं कोण? माझे वडील, म्हटलं. यावर बाई बरेच दिवस गायब. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. तर पुन्हा उगवली आणि विचारते, ते अजून स्वतः शिवतात का, त्यांना नीट दिसतं का. आता गिऱ्हाईक असलं काही विचारत नाही गं. गिऱ्हाईक विचारतं, धुता येते का आणि किंमत कमी होईल का. मी जपून लिहिलं की शिवण हल्ली जरा थरथरते, पण उजेड छान पडतो. तिने विचारलं, थरथर वाढत चाललीय का? मी लिहिलं, थंडीत वाढते, गरम चहाने कमी होते. यंत्राची काही हरकत नव्हती. त्याच्या लेखी आम्ही कापडाबद्दल बोलत होतो.

असं किती दिवस चाललं. मी इथे खळ लावत बसायची, फोन वाजायचा आणि सुईदोरा काहीतरी विचारायची. शेड कोणत्या खुर्चीजवळ बसून शिवली जाते, खिडकी कुठल्या बाजूला आहे, कारागिराला सोबत असते का. मी उत्तरं द्यायची आणि मला उगाचच छान वाटायचं. कुणीतरी या खोलीत पावलं न वाजवता फिरतंय असं वाटायचं.

तुला आठवतं, बाबा नवी शेड दिव्यावर चढवून बघायचे तेव्हा छतावर उजेडाचं एक मोठं वर्तुळ पडायचं? तू त्याला तळं म्हणायचीस. आपण दोघी चटईवर उताण्या पडून हात मारत त्यात पोहायचो. तू दरवेळी पलीकडच्या काठाला लागायचीस आणि मला बुडाल्याचं सोंग करावं लागायचं, नाहीतर तू रडायचीस. मग तू मोठी झालीस, हे काम मला करायचं नाही म्हणालीस, आणि बाबा म्हणाले, जायचं तर जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तू पडलीस त्यांचीच लेक. गेलीस, नंबर बदललास आणि खरंच तोंड दाखवलं नाहीस. दोघांचे हट्ट एकाच ताग्यातून बेतलेले, आणि मी आपली मधलं अस्तर. मला तुझी फार आठवण येते. हे आधीच लिहायला हवं होतं, पण मला गोष्टी रंगवून सांगायची खोड आहे.

तर परवा त्या सुईदोऱ्याने विचारलं, ही शेड लावल्यावर छतावर तळं पडतं का.

मी हातातलं काम ठेवून दिलं. वरच्या शेड्स फिरत होत्या आणि मला त्यातली एकही धड दिसेना. मग जे सुचलं ते एका दमात लिहून टाकलं. पडतं गं, आणि या शेडचे पैसे तुझ्याकडून घ्यायला माझा हात धजत नाही, तू सरळ घरी ये. निरोप जागच्या जागी अडला. तुला त्यातलं अक्षरही दिसलं नाही, मला मात्र दुसरी ताकीद मिळाली. मग मी नुसतं 'पडतं' एवढं लिहिलं. किंमत शून्य करून पाहिली, तर बाजाराला शून्य चालत नाही. काल तू पुरते पैसे भरून शेड मागवलीस. पेटीवर चिकटवायचं लेबल आलंय, त्यावर नुसत्या काळ्या रेघा. तू कुठे राहतेस ते बाजाराला माहीत आहे, मला नाही.

म्हणून हे पत्र शेडच्या आत, अस्तराला टाचून पाठवतेय. मागच्या बाजूला नव्या घराचा पत्ता आणि माझा नंबर आहे. पेटीत मालाशिवाय कागदाचा चिटोराही चालत नाही. गोदामात अधूनमधून पेट्या उघडून बघतात आणि असलं काही सापडलं की तिसरी ताकीद. बाबांना हे सगळं मघाशी सांगितलं, सुईदोरा कोण तेही सांगितलं. ते बराच वेळ शिवणीवरून बोट फिरवत राहिले. मी म्हटलं, बाबा, पेटी उघडली तर दुकान जाईल. त्यांनी शेड माझ्या हातात दिली आणि म्हणाले, जाऊ दे. ती येईल तेव्हा आपल्यामागे कामाची घाई नको.

तुझीच,
ताई