पुट्टीखालची जाळी

प्रिय व्हर्नन,

बाबांची शेव्हेल गाडी मी गॅरेजात उघडून बसले आहे. गंज घासून उजव्या मडगार्डला लोहचुंबक लावलं, तर ते चिकटेना, म्हणजे तिथे पत्र्याऐवजी भोकं बुजवायची पुट्टी होती. "हिला पुट्टी माहीत नाही, कंपनीतून आला तसा पत्रा आहे," असं बाबा सगळ्या टोलीडो शहराला ऐकवायचे. तू टपालपेटीला गाडी नुसती टेकवलीस आणि याच मडगार्डला हातभर भेग पडली, तेव्हा म्हणाले, "माझा पत्रा फोडलास, चालता हो."

आज मी ती पुट्टी छिन्नीने काढली. खाली डोकं जाईल एवढं भोक, आणि त्यावर ताणून बसवलेली डासांची हिरवी जाळी. आईला हाक मारली. तिने जाळीवरचा लाल दोरा बोटाने चाचपला.

"हा टाका माझा. ही स्वयंपाकघराच्या दाराची जाळी. चोरीला गेली असं तुझे बाबा म्हणाले होते. व्हर्नन तेव्हा पहिलीत होता गं."

दोऱ्यावरचं बोट तिने काढलं नाही. मग म्हणाली, "बाबांनी हाकललं तेव्हा त्याच दारातून गेला तो. मी भांडी घासत होते. वळून पाहिलंसुद्धा नाही."

तुझा पत्ता शोधणारी,
डार्ला