मुळ्याचं मीठ

१२ डिसेंबर, दुपारी तीन

चि. बुटकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? थंडीत जिना जपून चढत जा. पत्राला कारण आहे, पण ते जरा पुढे येईल. दोन महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद तू फाडशीलही, पण फाडायच्या आधी वाचशील. तेवढी तुला ओळखते.

दुकान चाललंय. बटाट्याच्या पराठ्याला मरण नाही. पनीरचे खाणारे वाढलेत. फ्लॉवरचा मात्र तू लाटायचीस तसा पातळ होत नाही. तुझ्या जागी एक बाई ठेवली आहे. हात बरा आहे, पण कडा जाड ठेवते आणि सारण मधेच गोळा होतं. बोलायला फार गोड आहे. फार गोड बोलणाऱ्यांचा मला संशय येतो, हे तुला माहीतच आहे.

आणि मुळ्याचे पराठे अजून फुटतात.

हो, तू गेलीस तरी फुटतात. हे तुला आधीच कळवायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही.

मुळा पहाटे किसायचा, पिळायचा, फडक्याखाली ठेवायचा आणि मीठ अगदी शेवटी, पारीत भरताना चिमटीने घालायचं, हे तुला मीच शिकवलं. आधी मीठ पडलं की मुळ्याला पाणी सुटतं, पारी भिजते आणि तव्यावर पराठा फाटतो. त्या दिवशी पातेल्यात पाणीच पाणी दिसलं, तेव्हा मी म्हटलं, ज्याला हे कळतं त्यानेच हे केलंय, आणि कळतं फक्त आपल्या दोघींना. 'वेगळं दुकान थाटायचंय म्हणून माझं बुडवतेस,' असं गिऱ्हाइकांसमोर बोलले. तू हात धुतलेस, ॲप्रन खुंटीला लावलास आणि गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. मला ती कबुलीच वाटली.

तू गेल्यावर चार दिवस बरे गेले. माझी खात्रीच पटली. पाचव्या दिवशी पुन्हा पाणी.

मग बाईवर नजर ठेवली. मिठाचा डबा कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला लावली. तरी मुळा ओलाच. म्हटलं, ही घरून पुडीत मीठ आणत असणार. ती हात धुवायला गेली तेव्हा तिची पिशवी उपसली. एक कंगवा आणि अर्धी भाकरी निघाली. लाज वाटली, पण संशय गेला नाही. तुझे भावोजी म्हणाले, "जाऊ दे ना, मुळ्याचा बंदच करू." एवढ्या सहज का म्हणाले? मला पाहिलं की हल्ली ते आणि ती बाई बोलता बोलता गप्प होतात. दुसरी किल्ली ह्यांच्याकडे आहे. तेव्हा म्हटलं, घरचाच भेदी.

परवा सापळा लावला. दुकानाचा शिक्का मारायची निळी शाई असते ना, ती कापसाच्या बोळ्याने मिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून लावली. मग साबणाने हात धुतले आणि नखंसुद्धा तपासली. काल सकाळी बाई येऊन ओट्याशी थोडी वावरली, मग तिला म्हटलं, हात दाखव. स्वच्छ होते. ह्यांचे पाहिले. तेही स्वच्छ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेवढ्यात शिंपीमामा आले. मुळ्याचा पराठा खाल्ल्याशिवाय मशीनवर न बसणारे, तेच. मी तुला बोलले तेव्हाही ते समोर होते. म्हणाले, "काय ताई, सकाळी सकाळी लिहायला बसला होता? बोटं निळी झालीत."

मी पाहिलं. अंगठा आणि दोन बोटं. चिमटीची.

मामांना म्हटलं, हो, बहिणीला पत्र लिहीत होते. आत जाऊन फडकं उचललं. मुळा पाण्यात पोहत होता आणि पातेल्याच्या काठावर निळा अंगठा उमटला होता. सगळा मुळा टाकून दिला. बुटके, मी कपाट उघडल्याचं मला आठवत नाही. मीठ घातल्याचं आठवत नाही. अजूनही आठवत नाही. कितीदा तरी डोळे मिटून पाहिलं, मुळा पिळेपर्यंतचं आठवतं आणि पुढे एकदम बाई येते.

आधी वाटलं, दोघांनी मिळून माझ्या बोटांना झोपेत शाई लावली. हसू नकोस. पूर्ण एक तास मी तसंच धरून बसले होते.

मग इतर गोष्टी वर यायला लागल्या. गॅस दोनदा चालू राहिला, मी बाईवर ओरडले. गेल्या आठवड्यात भाजी घेऊन येताना आपल्याच कोपऱ्यावर उभी राहिले, कुठे वळायचं ते कळेना. रस्ता खणलाय म्हणून उशीर झाला, असं घरी सांगितलं. ते दोघं गप्प होतात ते कशामुळे, हे आता समजतं. ह्यांना अजून काही बोलले नाही. बोलले की ते आधी माझ्या हातून तवा काढून घेतील.

तुझा गुडघा कसा आहे? हे वर विचारलं का? विचारलंय. खोडत नाही, तुला दिसू दे.

चोर सोडून मी तुला फाशी दिली. माफी माग म्हणालीस तर शिंपीमामांसमोर मागेन. पण माझं काम त्याहून मोठं आहे. पहाटे माझ्या शेजारी येऊन उभी राहा. माझा हात डब्याकडे गेला की मनगट धर. मी म्हणेन, मीठ घातलेलंच नाही. खरं वाटेल असं म्हणेन. चिडेन, तुझ्यावरच पुन्हा आळ घेईन, वेगळं दुकान काढतेस असंही म्हणेन. तेव्हा ॲप्रन काढू नकोस. मनगट सोडू नकोस.

ये. मला सगळं कळतंय, तोवर ये.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी,
ताई