स्कलडगरीचं कार्ड

३ तारीख, सोमवार.
संकल्प : १) 'स्कलडगरी'ची नोंद आठवड्यात पूर्ण. २) चहा दोनच.
शब्द इंग्रजी, अर्थ सोपा : लपूनछपून केलेली लबाडी. मुळापाशी मात्र भलेभले अडले. आमच्या कोशात प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव छापतात. अठरा वर्षं इथे प्रूफं तपासतोय, माझं नाव कुठेच नाही. आता येणार.

४, मंगळवार.
शब्दांची मुळं शोधणाऱ्या आमच्या सरांचं या नोंदीचं कार्ड मी चोरलेलं नाही. सर गेले, शोकसभेला सगळे खाली हॉलमध्ये, त्यांचं टेबल उघडं. धूळ खात पडलं असतं. सांभाळायला म्हणून घरी आणलं, शर्टांखाली ठेवलं.
कार्डावर हिरव्या पेन्सिलीने : 'एका जुन्या स्कॉटिश शब्दावरून आला, त्याचा अर्थ बदफैली. त्यामागचं मूळ अज्ञात. कवटीशी संबंध नाही.' एवढंच! यात संशोधन कुठे आहे?

५, बुधवार. सकाळी ११.
जसंच्या तसं उतरवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणून सुधारलं. स्कल म्हणजे कवटी, डग म्हणजे खणलं. कबरी उकरून कवट्या पळवणारे! वाचक खूश.
लिहिताना टेबलावर टक-टक. चूक दिसली की सर पेन्सिलीने अशीच दोनदा करायचे. खिडकीची कडी असणार.

दुपारी ३.
कडीत कागद कोंबला. टक-टक चालूच. मी घाबरलेलो नाही. चहा पाचवा.

७, शुक्रवार.
टायपिस्टबाईंच्या शेजारी जाऊन बसलो. काही ऐकू येतंय का, विचारलं. म्हणाल्या, तुमचेच दात वाजताहेत.
नोंद छापखान्यात गेली. संपादक म्हणाले, कमाल केलीत, आज सर असते तर... मी घाईघाईने आभार मानून टाकले.

१०, सोमवार.
ताप. घरीच. कपाट आवरताना बायकोला कार्ड सापडलं. म्हणाली, हे सरांचं अक्षर ना? मागे काय लिहिलंय ते वाचलंत का?
मागे? त्या कार्डाला परत हात लावायची भीती... भीती नव्हे, सवड नव्हती. तिनेच वाचून दाखवलं.
'ही नोंद आमच्या प्रूफवाल्यांच्या नावाने घालावी. कवटीची चूक आठ वर्षांपूर्वी त्यांनीच मला दाखवली होती. विसरले असतील. स्वतः कधी मागणार नाहीत.'

१२, बुधवार.
छापखान्याला फोन केला. पानं छापून बांधणीला गेली. नोंदीखाली माझं नाव, ठळक. वर कवट्या.
दिवसभर टेबलाशी बसून राहिलो. कडीतला कागद काढला. खिडकी उघडून पाहिली, मिटून पाहिली. काहीच वाजेना.
सर, एकदा तरी करा.